पिवळा ठिपका आणि बर्फावरची गाडी

कतारमध्ये मी बर्फावर चालणारी गाडी दुरुस्त करतो असं गावी सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या हातातल्या पेल्याकडे. पेल्यात ताकच असतं. पण त्यांचाही दोष नाही. जिथे उन्हाळ्यात गाडीचं दार उघडायला हाताला रुमाल गुंडाळावा लागतो, तिथे बर्फ कुठला आणि बर्फावरची गाडी कुठली!

तर सांगतो. दोह्यात एका मॉलच्या पोटात बर्फाचा पार्क आहे. बाहेर पंचेचाळीस, आत उणे चार. पोरं घसरगुंड्या खेळतात, आया कुडकुडत फोटो काढतात. तिथे कामगारांसाठी एक मशीन आहे, तीच ही गाडी. पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे रणगाड्याला असतो तसा रबरी पट्टा, मध्ये स्कूटरसारखी सीट. सकाळी पार्क उघडण्याआधी बर्फ सारखा करायला ती वापरतात, आणि आतल्या टोकाला कुणी पडलं, पाय मुरगळला, तर तिच्यामागे स्ट्रेचरची गाडी लावून माणूस बाहेर आणतात. तो आतला भाग अरुंद आहे. तिथून बाहेर पडायचं तर रिव्हर्स लागतोच. त्या रिव्हर्सनेच मला आयुष्यात एकदा चांगलं ताळ्यावर आणलं.

मी पोवार, कोल्हापूरचा. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये पंचवीस वर्षं हेड मेकॅनिक आहे. सगळे ‘उस्ताद’ म्हणतात आणि मी म्हणू देतो. आम्ही काय दुरुस्त करत नाही? टँकर, फोर्कलिफ्ट, वाळूत उड्या मारणाऱ्या बग्ग्या, समुद्रातल्या स्कूटरी. जे कुठेच होत नाही ते फिरत फिरत आमच्या दारात येतं. ‘उस्ताद, हे होईल का?’ असं कुणी विचारलं की माझा हात आधी पान्याकडे जातो, उत्तर नंतर येतं. कंपनीच्या कागदांमध्ये माझं शिक्षण आयटीआय असं दोन शब्दांत संपतं, पण इंजिनाचा आवाज ऐकून पोटात काय दुखतंय ते मी सांगतो, आणि सहसा चुकत नाही. ‘सहसा’ हा शब्द मी अलीकडे वापरायला लागलोय.

माझी एक सवय आधी सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत एक कतारी आजोबा जुनी जीप घेऊन आले. जीपमध्ये मागच्या सीटवर लाकडी दांडीवर ससाणा बसलेला, डोळ्यांवर चामड्याची टोपी. आजोबा मला पक्षी दाखवत म्हणाले, ‘‘उस्ताद, हा आजारी आहे.’’ मी म्हटलं, ‘‘बाबा, मी इंजिनाचा डॉक्टर.’’ ते म्हणाले, ‘‘सिग्नलला गाडी थांबली की हा चोच उघडून धापा टाकतो. गाडी पळायला लागली की बरा होतो.’’

मी हसलो नाही, कारण आजार माझ्या लक्षात आला होता. एसी इंजिनाच्या जोरावर चालतो. गाडी उभी असताना इंजिन जेमतेम फिरत असतं, त्याला आम्ही आयडलिंग म्हणतो. आपल्याकडे तेवढं पुरतं. इथल्या उन्हात एसीचा बोजा पडला की इंजिन दमतं आणि गार हवा येईनाशी होते. कार्बोरेटरवर एक छोटा स्क्रू असतो, तो मी पाव फेरा आत घेतला. इंजिन जरा जोरात घुमायला लागलं. दहा मिनिटांत ससाण्याने चोच मिटली. आजोबा ‘‘खलास?’’ म्हणाले, म्हणजे झालं का, मी ‘‘खलास’’ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी खजुराची पेटी आली.

तेव्हापासून आमच्या वर्कशॉपचा तो रिवाजच झाला. स्क्रू असलेली कुठलीही गाडी सर्व्हिसिंगला आली की शेवटी पाव फेरा. आणि फिरवलेला स्क्रू कुणी हलवू नये म्हणून मी त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका देतो. हा ठिपका इंडस्ट्रियल एरियात ओळखीचा आहे. दुसऱ्या गॅरेजचे लोक बॉनेट उघडून ठिपका बघतात आणि म्हणतात, इथे पोवारचा हात लागलाय, पुढे बघा. याचा मला गर्व होता. अजूनही थोडा आहे.

बर्फाच्या पार्कचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मी मशीनभोवती दोन चकरा मारल्या. ओळख झाली. तेल बदललं, साफसफाई केली, पट्टा ताणला, मशीन परत पाठवलं. महिन्याभराने ते पुन्हा दारात. तक्रार एकच: रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो.

मशीनबरोबर त्याचा ड्रायव्हर आला होता, पास्कल. वसईचा. माझ्याच वयाचा, उंच, हाडकुळा, बोलणं कमी. आधी तो बंदरावर फोर्कलिफ्ट चालवायचा, मग इथे लागला. मराठी ऐकून मला आनंद झाला, चहा मागवला. मग मी विचारलं, ‘‘कधीपासून वाजतंय?’’

तो म्हणाला, ‘‘भाऊ, खरं सांगू? तुमी सर्व्हिस केली तवापासून.’’

हे वाक्य मला आवडलं नाही. मेकॅनिकला हे वाक्य कधीच आवडत नाही. सर्व्हिस केल्यापासून सीट टोचते असंसुद्धा लोक म्हणतात. मी म्हटलं, ‘‘बघतो,’’ आणि गिअरबॉक्स उघडला. आत दातांचे कोपरे झिजून गोल झालेले, एका दाताचा तुकडाच पडलेला. मी दाताचा तो तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

‘‘हे बघ. गाडी पूर्ण थांबायच्या आत लिव्हर ओढला की हे असं होतं.’’

‘‘मी थांबवल्याशिवाय लिव्हरला हात नाय लावत, भाऊ.’’

‘‘अरे, सगळे ड्रायव्हर हेच म्हणतात. दात खोटं बोलत नाहीत.’’

त्याने तुकडा परत माझ्या टेबलावर ठेवला आणि चहा अर्धा टाकून उठला. मी रिपोर्ट लिहिला. आमच्या छापील कागदावर शेवटी ‘ऑपरेटर’ असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं: चुकीची हाताळणी. मला लिहायला एक मिनिटही लागलं नाही.

नवे गिअर थंड देशातून यायचे होते. हमद पोर्टला पेटी पोचेपर्यंत बरेच आठवडे गेले. मी गिअर बसवले, लिव्हर मागेपुढे करून बघितला, लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. इंजिन चालू केलं, आवाज कानाला गोड लागला. मशीन पाठवून दिलं.

आता एक गोष्ट कबूल करतो. लिव्हर मी इंजिन बंद असताना फिरवला होता, आणि इंजिन चालू केलं तेव्हा लिव्हरला हात लावला नव्हता. दोन्ही एकदम करून, वर बसून, चालवून बघायला हवं होतं. पण त्या मशीनला खाली बर्फ लागतो. सिमेंटवर चालवलं तर खालच्या पट्ट्या तापून वितळतात. इंडस्ट्रियल एरियात बर्फ फक्त लिंबू सरबतात मिळतो. म्हणून मी ट्रायल न घेता मशीन सोडलं. एखादी भंगार पिकअपसुद्धा मी चक्कर मारल्याशिवाय सोडत नाही, आणि ही सोडली.

आठ दिवसांनी पार्कच्या मॅनेजरचा फोन आला. मिस्टर हानी, इजिप्तचे. माणूस शांत आणि कामाला पक्का. ते इंग्रजीत म्हणाले, ‘‘आवाज पुन्हा सुरू झालाय. तुम्ही या, बघा आणि लेखी द्या. तुमचा पहिला रिपोर्ट माझ्याकडे आहेच. दुसराही तसाच असेल तर मला त्या ड्रायव्हरला ठेवता येणार नाही. उद्या कुणी जखमी माणूस आत अडकला आणि गाडी मागे आली नाही, तर जबाबदार मी.’’

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी सकाळी, पार्क उघडायच्या आत, पोचलो. त्यांनी मला जाड कोट दिला, तो गुडघ्यापर्यंत आला. हानींच्या हातात फाईल होती आणि फाईलमध्ये पास्कलच्या नावाचं पत्र टाईप करून तयार होतं. फक्त माझा कागद जोडायचा बाकी होता.

कर्मचाऱ्यांच्या चहाच्या खोलीसमोरून जाताना आतून कुणीतरी तोंडाने आवाज काढला, ‘कर्रर्र’, आणि हशा पिकला. मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. मग दिसलं की पास्कल पुढे चालला होता आणि त्याने मान वळवली नाही. त्याचं नावच त्यांनी कर्रर्र ठेवलं होतं.

बर्फावर पोचल्यावर तो मला म्हणाला, ‘‘भाऊ, एक मागतो. लिहायच्या आधी तुमी एकदा बघा. मी चालवतो, तुमी बाजूला उभे राहा. मग जे लिहायचं ते लिहा. माझ्या पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय. घरी मी अजून कायच सांगितलेलं नाय.’’

मी म्हटलं, ‘‘चालव.’’

त्याने मशीन वीस पावलं पुढे नेलं, ब्रेक दाबला आणि थांबला. मी अगदी जवळ उभा होतो. मागचा पट्टा जागच्या जागी थांबलेला होता. तो लगेच लिव्हरकडे गेला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला, मनात आकडे मोजत असावा. मग एका हाताने, मोजून मापून, लिव्हर ओढला.

कर्रर्र.

उणे चारमध्ये माझ्या कपाळाला घाम आला. माणूस पूर्ण थांबला होता. माझे डोळे उघडे होते. ‘दात खोटं बोलत नाहीत’ असं मीच म्हणालो होतो. दात खरं सांगत होते, पण ड्रायव्हरबद्दल काही बोललेच नव्हते. ते मी माझ्या मनाने त्यांच्या तोंडी घातलं होतं.

मी म्हटलं, ‘‘न्यूट्रल कर. इंजिन चालू ठेव. ॲक्सिलरेटरला हात लावू नकोस.’’ आणि बाजूचं झाकण काढलं.

ज्यांचा इंजिनाशी संबंध चावी फिरवण्यापुरता आहे त्यांच्यासाठी सांगतो. या मशीनला पायाचा क्लच नसतो. दोन पुल्या आणि मध्ये बेल्ट. इंजिन जोरात फिरलं की पुढची पुली आवळते आणि बेल्टला पकडते, मशीन चालतं. इंजिन मंद झालं की पुली सैल पडते, बेल्ट सुटतो, मागची पुली उभी राहते. ती उभी असेल तेव्हाच गिअरचे दात एकमेकांत अलगद बसतात. ती फिरत असेल तर फिरत्या दातावर दात आदळतो. तोच तो आवाज. ड्रायव्हरने नुसती गाडी थांबवून भागत नाही. आतली पुली थांबली पाहिजे.

झाकण काढलं आणि मला दिसलं. मागची पुली फिरत होती. जोरात नव्हे, आळसात फिरत होती. थांबायचं नावच घेत नव्हती. म्हणजे इंजिन मंद व्हायला हवं तेवढं मंद होत नव्हतं. म्हणजे आयडलिंग जास्त. माझा हात सवयीने कार्बोरेटरकडे गेला, स्क्रू शोधला, टॉर्च मारला.

स्क्रूवर पिवळा ठिपका होता.

ज्या यंत्राला एसी नाही, ज्याच्यावर बसणाऱ्या माणसाच्या चारी बाजूंना एसीच एसी आहे, त्याला मी ससाण्याचं औषध दिलं होतं. का? कारण हात तिकडे जातो. गेली पंचवीस वर्षं जातोय. गाडी कुठली, चालणार कुठे, हे विचारायच्या आधीच बोटांनी पाव फेरा देऊन टाकला होता. नंतर वर्कशॉपमध्ये इंजिनाचा आवाज मला गोड वाटला, कारण माझ्या कानाला कतारचीच चाल गोड लागते. ‘तुमी सर्व्हिस केली तवापासून,’ असं पास्कलने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रोगाचं निदान त्याने चहाबरोबर माझ्यापुढे ठेवलं होतं, आणि मी त्याच्या हातावर दाताचा तुकडा ठेवला.

स्क्रू पाव फेरा बाहेर काढला. पुली हळू झाली, अजून हळू झाली आणि थांबली. मी म्हटलं, ‘‘आता टाक रिव्हर्स.’’

लिव्हर मागे गेला. ‘टक’ एवढाच आवाज. पास्कलने माझ्याकडे बघितलं. पुढे टाकला, पुन्हा मागे टाकला. टक. टक. मग त्याने इंजिन बंद केलं आणि मला विचारलं, ‘‘काय होतं, भाऊ?’’

मी त्याला ठिपका दाखवला आणि कशाचा ते सांगितलं.

मी कोटाच्या खिशातून फोन काढला. आमचा वर्कशॉप मॅनेजर बिजू, केरळचा, माझ्याहून लहान पण व्यवहाराला हुशार. त्याला हिंदीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘उस्ताद, ठीक हो गया ना? बस. रिपोर्ट में ‘ॲडजस्टमेंट किया’ लिखो. ‘किसने बिगाडा’ ये कॉलम कहाँ है?’’

‘‘ऑपरेटर का कॉलम है, बिजू.’’

‘‘वो खाली छोड दो.’’

खोटं सांगत नाही, मला ते पटलं होतं. काम झालं, पत्र रद्द होईल, कुणाचं नुकसान नाही. नाहीतर गिअर फुकट बदलले म्हणून वर्कशॉपच्या मालकापुढे मलाच उभं राहावं लागणार, आणि पिवळ्या ठिपक्याची गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या इंडस्ट्रियल एरियात होणार. मी हानींच्या टेबलाशी बसून लिहिलं: आयडलिंग जास्त होतं, कमी केलं, रिव्हर्स व्यवस्थित. ऑपरेटरचा रकाना मोकळा सोडला. हानींनी वाचलं, मान डोलावली, टाईप केलेलं पत्र दोनदा फाडून टोपलीत टाकलं आणि म्हणाले, ‘‘शुक्रन,’’ म्हणजे आभार.

मी उठलो. दारात पास्कल उभा होता. त्याने हात पुढे केला. मला वाटलं हस्तांदोलनाला. त्याला टेबलावरचा कागद हवा होता, मी दिला. त्याने तो शेवटपर्यंत वाचला, एकेका शब्दावर बोट ठेवत.

‘‘भाऊ, हा रकाना रिकामा राहिला.’’

‘‘पत्र फाडलं ना त्यांनी. विषय संपला.’’

‘‘पहिल्या कागदात रिकामा नव्हता.’’

तो आवाज चढवून बोलला नाही. मला ते जास्त लागलं. मी परत बसलो, पेन काढलं आणि वरची ओळ खोडून नीट लिहिलं: आयडलिंग मेकॅनिकने चुकून वाढवलं होतं. गिअर त्यामुळे खराब झाले. ऑपरेटर: दोष नाही. खाली पूर्ण सही केली, नेहमीची तिरकी रेघ नाही, पूर्ण नाव. हानींनी वाचून भुवया वर केल्या आणि कागद फाईलला लावला.

पास्कल तरी हलला नाही. म्हणाला, ‘‘कागद फाईलमधी जाईल. फाईल कपाटात जाईल. चहाच्या खोलीत कोण वाचणार?’’

त्याला काय हवं होतं ते कळायला मला वेळ लागला नाही. करायला मात्र लागला. पंचवीस वर्षांत मी माझी चूक मान्य केली नाही असं नाही, पण ती मालकापुढे, दार लावून. चहाच्या खोलीत दहा-बाराजण होते, नेपाळी, फिलिपिनो, आपले. मी तसाच, गुडघ्यापर्यंतच्या कोटात, आत गेलो आणि हिंदीत म्हटलं, ‘‘सुनो भाई लोग. गाडी में जो आवाज आता था, वो मेरी गलती थी. मैंने बिगाडा था. पास्कल ने मुझे पहले दिन बताया था, मैंने सुना नहीं.’’

कुणी हसलं नाही. एका नेपाळी माणसाने कप खाली ठेवला आणि पास्कलला बसायला जागा करून दिली. पण तो बसला नाही. म्हणाला, ‘‘चला भाऊ, तुमाला गेटपर्यंत सोडतो.’’

चहाच्या खोलीच्या काचेतून सगळा पार्क दिसतो. गेटकडे न नेता मला त्याने बर्फाच्या मध्यावर उभं केलं, ‘‘इथून हलू नका’’ म्हणाला, आणि मशीन घेऊन पार आतल्या टोकाला गेला, त्या अरुंद जागेत. तिथे थांबला. दोन्ही हात मांडीवर. मग लिव्हर. आवाज नाही. आणि तिथून तो रिव्हर्समध्ये निघाला. मान मागे वळवलेली, एक हात हँडलवर, दोन भिंतींच्या मधून सरळ माझ्याकडे. मी मेकॅनिक आहे, मशीन अंगावर येत असेल तर बाजूला होणं माझ्या रक्तात आहे. पण हललो नाही. सीटची मागची कड माझ्या कोटाच्या बटणापासून चार बोटांवर येऊन थांबली.

काचेच्या आतून टाळ्या वाजत होत्या. आवाज पोचत नव्हता, हात दिसत होते.

मी हानींच्या ऑफिसात परत गेलो. ते म्हणाले, ‘‘आता काय?’’ मी फाईल मागितली. ‘ऑपरेटर: दोष नाही’ याच्यापुढे जागा होती. आयुष्यात मी हजारो रिपोर्ट लिहिले असतील. ड्रायव्हरच्या रकान्यात मी आजवर फक्त तक्रारी लिहिल्यात. त्या दिवशी पहिल्यांदा तिथे लिहिलं: गाडी फार चांगली चालवतो.

मागे उभा राहून पास्कल वाचत होता. म्हणाला, ‘‘आता बरोबर हाय, भाऊ. चला, चहा घेऊ. त्या दिवशी माझा अर्धा राहिला होता.’’